अकरा महिन्यांचे घर



गेल्या वर्षी दिवाळीनंतरच्या एका रविवारची गोष्ट. विहारात वंदना झाली, मुलांना खाऊ वाटून झाला आणि आम्ही दोघे-तिघे सतरंज्या गुंडाळत होतो. एक ताई दाराशीच उभ्या होत्या. पिशवीतून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला कागद काढून त्यांनी माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, "भाऊ, तुम्ही कागदपत्रांचे बघता ना? ह्यात आम्हाला राहता येईल असे काही लिहिले आहे का, तेवढे सांगा."

कागद भाड्याच्या खोलीचा होता. कल्याण पूर्वेला एका चार मजली इमारतीतली वन रूम किचन. भाडे महिना ९,००० रुपये, डिपॉझिट ४०,०००. मुदत १ मार्च ते ३१ जानेवारी. ताई एका खासगी दवाखान्यात आयाचे काम करतात. यजमान वारल्याला पाच वर्षे झाली. थोरली मुलगी दहावीला. बोर्डाची परीक्षा फेब्रुवारीअखेर सुरू होणार आणि घर मात्र ३१ जानेवारीला खाली करायचे. एजंट येऊन सांगून गेला होता की, "अकरा महिन्यांच्या वर कायद्यानेच ठेवता येत नाही, मालकाचा इलाज नाही. पाहिजे तर दुसरी रूम दाखवतो." दुसरी रूम म्हणजे दुसरी दलाली, हे सांगायला नकोच.

"कायदाच तसा आहे म्हटल्यावर आपण काय बोलणार?" ताई म्हणाल्या.

हे वाक्य मी वस्तीत इतक्या वेळा ऐकले आहे की आता त्याचा राग येतो. कायद्याचे नाव घेतले की आपली माणसे गप्प होतात. ज्यांच्या बापाने देशाची घटना लिहिली त्यांची ही गत! म्हणून आज स्पष्टच लिहितो. अकरा महिन्यांपेक्षा जास्त मुदतीने घर भाड्याने देऊ नये असा कोणताही कायदा महाराष्ट्रात नाही. दोन वर्षे देता येते, तीन वर्षे देता येते. लिव्ह अँड लायसन्सच्या मुद्रांक शुल्काची जी तरतूद आहे तीच मुळी ६० महिन्यांपर्यंतच्या करारासाठी आहे.

मग हे अकरा महिने आले कोठून? १९०८ चा नोंदणी कायदा सांगतो की एक वर्षापेक्षा जास्त मुदतीचा भाडेपट्टा असेल तर तो रजिस्टर केलाच पाहिजे. रजिस्टर करायचे म्हणजे खर्च आणि खेपा. त्यापेक्षा एक महिना कमी लिहिला की सुटका. ही एवढीशी पळवाट. इतर राज्यांत ती अजून चालते. पण महाराष्ट्रात ३१ मार्च २००० पासून महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा लागू झाला आणि त्याच्या कलम ५५ ने ही वाट बंद केली. भाडेकरार असो की लिव्ह अँड लायसन्स, अकरा महिन्यांचा असो की अकरा दिवसांचा, तो लेखी पाहिजे आणि रजिस्टर झालेला पाहिजे. ही जबाबदारी कायद्याने मालकावर टाकली आहे. त्याने ती टाळली तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. म्हणजे ज्या कारणासाठी अकरा महिने लिहीत होते ते कारण जाऊन पंचवीस वर्षे उलटली. कारण गेले आणि सवय तेवढी राहिली.

सवय राहण्यामागे एक भीतीसुद्धा आहे, आणि ती समजून घेतली पाहिजे. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्याने भाडी बांधून टाकली आणि भाडेकरूला सहजासहजी काढता येईना. तेव्हा मालकांनी 'भाडे' हा शब्दच टाळून 'लिव्ह अँड लायसन्स' सुरू केले. म्हणजे भाडेकरू नाही, फक्त राहण्याची परवानगी दिलेला माणूस. पुढे १९७३ मध्ये सरकारने दुरुस्ती केली आणि १ फेब्रुवारी १९७३ रोजी जो चालू लायसन्सवर राहत होता त्याला कायद्याने भाडेकरू करून टाकले. एका तारखेने हजारो मालकांची झोप उडाली. तेव्हापासून घरमालकाच्या डोक्यात बसले आहे की माणूस फार दिवस राहिला की घर गिळतो. आज तसे होत नाही. लायसन्सवर राहणारा पाच वर्षे राहिला तरी तो मालक होत नाही आणि कूळही होत नाही. पण भीती बापाकडून मुलाकडे आली आहे आणि दलाल तिला खतपाणी घालतात, कारण दर अकरा महिन्यांनी त्यांचे दुकान चालते.

आता आपल्या बाजूचे बोलू. आपले बापजादे ज्या चाळींत राहिले तिथे ते भाडेकरू होते. पावती बापाच्या नावाची, बाप गेला तरी घर सुटत नसे. आजही जुन्या चाळीतल्या भाडेकरूचा मृत्यू झाला तर त्याच्याबरोबर राहणारा घरचा माणूस कायद्याने भाडेकरू होतो. भाड्याची पावती देणे मालकाला बंधनकारक आहे आणि पाणी किंवा वीज तोडून भाडेकरूला छळणे हा गुन्हा आहे. हे सगळे हक्क 'भाडेकरू' ह्या एका शब्दाला चिकटलेले आहेत. लायसन्सवाल्याला त्यातले फार थोडे मिळते. त्याची मुदत संपली की मालक कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करून ताबा मागू शकतो आणि मुदतीनंतर राहिलेल्या दिवसांचे दुप्पट भाडे नुकसानभरपाई म्हणून मागू शकतो.

आपल्यापैकी कित्येक कुटुंबे अशी आहेत जी एका पिढीत ह्या शब्दावरून त्या शब्दावर आली. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्गच्या बी.डी.डी. चाळींचेच बघा. १६० चौरस फुटांच्या खोलीऐवजी ५०० चौरस फुटांचे घर मिळणार, ही आनंदाचीच गोष्ट आहे. वरळीत ऑगस्ट २०२५ मध्ये पहिल्या ५५६ कुटुंबांना चाव्याही मिळाल्या. पण मधल्या काळात कोणी संक्रमण शिबिरात, कोणी भाड्याची रक्कम घेऊन बाहेर राहायला गेले. जन्मभर चाळीत राहिलेल्या माणसाने सत्तराव्या वर्षी पहिल्यांदा लायसन्सच्या कागदावर अंगठा लावला. काय वाचले? काहीच नाही. एजंट म्हणाला इथे थंब द्या, दिला.

म्हणून कागद वाचायचा. वाचता येत नसेल तर कॉलेजात जाणाऱ्या पोरीकडून वाचून घ्यायचा. नोंदणी झालेला लायसन्सचा करार हा त्यात लिहिलेल्या गोष्टींचा अंतिम पुरावा धरला जातो. मालक तोंडाने गोड बोलला, "राहा हो, तुमचेच घर आहे", तरी ते कागदावर नसेल तर त्याच्यावर विसंबून राहू नका. उलट करार नोंदलेलाच नसेल तर पारडे दुसरीकडे झुकते. कलम ५५ म्हणते की लेखी नोंदलेला करार नसेल तेव्हा ठरलेल्या अटींबद्दल भाडेकरू जे सांगेल ते ग्राह्य धरायचे, मालकाने खोटे ठरवीपर्यंत.

ताईंचा कागद होता पाचशेच्या स्टँपवर, नोटरीचा शिक्का मारलेला. रजिस्टर केलेला नव्हता. मी विचारले, "घर घेताना मालकांशी काय बोलणे झाले होते?" ताई म्हणाल्या, "ते तर म्हणाले होते की पोरीची दहावी होईपर्यंत बिनघोर राहा. पण ते तोंडी. तोंडी बोलण्याला काय किंमत?"

मी दोनदा विचारून खात्री केली. खरे सांगतो, मनात शंका आली होती की बाई अडचणीत आहे, उगीच बोलत असेल. चौथे शील म्हणायचे आणि कार्यकर्ता म्हणून खोट्याला साथ द्यायची हे मला जमत नाही. पण त्यांच्या मुलीनेही तेच सांगितले, त्या दिवशी ती बरोबर होती. मग मी म्हटले, "ताई, ह्या तोंडी बोलण्याला किंमत आहे. कायद्यानेच दिली आहे."

पुढे काय झाले ते शेवटी सांगतो. त्याआधी दोन गोष्टी, एक हिशेबाची आणि एक जिव्हारी लागणारी.

हिशेबाची आधी. मी बी.कॉम. झालेला कारकून माणूस, आकड्याशिवाय मला चैन पडत नाही. लायसन्सच्या करारावर मुद्रांक शुल्क पाव टक्का लागते. पूर्ण मुदतीचे भाडे धरायचे आणि परत मिळणाऱ्या डिपॉझिटवर वर्षाला दहा टक्के धरून ती रक्कम त्यात मिळवायची. ताईंच्याच घराचा ३३ महिन्यांचा करार केला तर भाडे २,९७,००० रुपये, डिपॉझिटचे ११,०००, एकूण ३,०८,०००. त्याचा पाव टक्का ७७० रुपये. नोंदणी फी महापालिका हद्दीत १,००० रुपये. झाले १,७७०. ऑनलाइन करणाऱ्याची मजुरी वेगळी. हाच करार अकरा-अकरा महिन्यांचा तीनदा केला तर शुल्क तेवढेच, पण नोंदणी फी तीनदा, म्हणजे ३,७७०. त्यावर दोन वेळा नूतनीकरणाची दलाली, एक-एक महिन्याचे भाडे धरले तरी १८,०००. आणि घर बदलावे लागले तर टेम्पो, गॅसचा पत्ता, मुलांच्या शाळेची रिक्षा हे कोणी मोजतच नाही. मालकाला दरवर्षी भाडे वाढवायचे असते म्हणून तो लांब मुदतीला तयार होत नाही, असे म्हणतात. ठीक आहे, वाढ करारातच लिहा. दुसऱ्या वर्षी पाचशे, तिसऱ्या वर्षी पाचशे. त्याचेही समाधान, आपलेही. आणि अमुक महिन्यांच्या आत मालकाने घर खाली करायला सांगू नये, आपण जायचे तर एक महिन्याची नोटीस द्यावी, हेही लिहून घ्या.

डिपॉझिटचे काय? केंद्र सरकारने २०२१ मध्ये नमुना भाडेकरू कायदा आणला. त्यात राहत्या घरासाठी दोन महिन्यांच्या भाड्यापेक्षा जास्त अनामत घेऊ नये असे आहे. पण तो नावाप्रमाणे नमुनाच. राज्याने आपल्या विधिमंडळात तसा कायदा केल्याशिवाय तो दाखवून मालकाशी भांडता येत नाही. म्हणून डिपॉझिट रोख देऊ नका, चेकने किंवा बँकेतून द्या आणि रक्कम करारात लिहून घ्या. कोणत्या दिवशी परत मिळणार तेही लिहा. साध्या भाषेत, 'चावी देताना त्याच वेळी'. आमच्या शेजारच्या एका तरुणाने हेवी डिपॉझिट म्हणून साडेतीन लाख रोख मोजले, पावती नाही. मालकाने पैसे परत दिले नाहीत म्हणून तो मुदत संपल्यावरही घरात बसून राहिला, आणि मालकानेच त्याच्यावर दुप्पट भाड्याचा अर्ज टाकला. पैसे त्याचे अडकले होते, पण कागदावर चूक त्याची दिसत होती. माझ्याकडे आला तेव्हा उशीर झाला होता. मी काही करू शकलो नाही.

आता ती दुसरी गोष्ट. मुदतीवर बोलायला आधी घर तर मिळाले पाहिजे. "आडनाव काय?" हा प्रश्न दलालाच्या तोंडून तुम्ही ऐकला असेलच. आडनावावरून समजले नाही तर "गाव कोणते?", "नॉनव्हेज खाता का?" आणि शेवटी "सांगतो संध्याकाळी". ती संध्याकाळ कधी येत नाही. बाबासाहेब १९१७ मध्ये बडोदे संस्थानच्या नोकरीत रुजू झाले तेव्हा एवढा परदेशात शिकलेला माणूस, पण त्या शहरात राहायला खोली मिळाली नाही. पारशी नाव सांगून पारशी लोकांच्या धर्मशाळेत राहिले आणि अकराव्या दिवशी काठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढले. त्यांना अकरा दिवस मिळाले, आपल्याला अकरा महिने. फरक पडला आहे, पण किती पडला ह्याचा विचार ज्याने त्याने करावा. नाव बदलून घर घेणारी मुले मी आजही बघतो. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो लावायचा की नाही ह्यावर नवरा-बायकोत वाद झालेले बघतो. मी त्यांना नावे ठेवत नाही.

पण कायदा आहे हे माहीत असू द्या. १९५५ च्या नागरी हक्क संरक्षण कायद्याच्या कलम ४ मध्ये कोणत्याही वस्तीत राहते घर घेण्याचा किंवा त्यात राहण्याचा हक्क स्पष्ट लिहिला आहे. अस्पृश्यतेच्या कारणाने त्याला आडकाठी केली तर एक ते सहा महिने कैद आणि दंड. कलम १२ तर असे म्हणते की असे कृत्य अनुसूचित जातीच्या माणसाविरुद्ध झाले असेल तर ते अस्पृश्यतेपोटीच झाले असे न्यायालयाने धरून चालायचे, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत. १९९० च्या दुरुस्तीने बौद्धांनाही अनुसूचित जातीचा दर्जा मिळाला आहे, तेव्हा धर्म बदलला म्हणून हे संरक्षण जात नाही. अडचण पुराव्याची आहे. तोंडावर जात काढून कोणी नाही म्हणत नाही, "सोसायटी परवानगी देत नाही" असे म्हणतात. तेव्हा हे सांगा की आदर्श उपविधींप्रमाणे फ्लॅट भाड्याने देताना सभासदाने सोसायटीला आगाऊ कळवायचे असते, सोसायटीचा ना-हरकत दाखला लागत नाही. एवढे बोलल्यावर समोरचा दुसरे कारण शोधतो, हेही खरे. आणि न्यायालये प्रत्येक वेळी आपल्या मनासारखे बोलतील असेही नाही. २००५ मध्ये अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने एकाच समाजाला सभासदत्व देणारा उपविधी योग्य ठरवला होता. ही लढाई लांबची आहे. तरी दलालाचा मेसेज जपून ठेवा, तारीख-वार लिहून ठेवा.

वकिलाचा खर्च परवडत नाही म्हणून गप्प बसणाऱ्यांसाठी एक माहिती. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे अनुसूचित जातीच्या व्यक्तीला आणि कोणत्याही स्त्रीला सरकारी खर्चाने वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो. तालुका न्यायालयात विधी सेवा समितीकडे अर्ज करायचा. ताईंना मी आधी हेच सांगितले आणि मग म्हटले, कोर्टाच्या आधी माणसाशी बोलून बघू.

मालकांकडे मी आणि ताई दोघेच गेलो. पाच-सहा कार्यकर्ते घेऊन जायची मला सवय नाही, त्याने माणूस घाबरतो आणि अडून बसतो. मालक एका कंपनीतून निवृत्त झालेले. फंडाच्या पैशातून दोन खोल्या घेतलेल्या, त्यांच्या भाड्यावर म्हातारा-म्हातारी चालतात. चहा झाल्यावर मी कलम ५५ वाचून दाखवले. कैदेचा शब्द आला तशी त्यांच्या पत्नी आतून बाहेर आल्या. मालक म्हणाले, "अहो, मला एजंटने सांगितले की अकरा महिन्यांचे असले की रजिस्टर करावे लागत नाही. मी आजवर तसेच करत आलो." मी विचारले, "दहावीपर्यंत राहा असे तुम्ही म्हणाला होतात का?" ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "म्हणालो होतो. नंतर एजंटने दहा हजार देणारे गिऱ्हाईक आणले."

माणूस वाईट नव्हता. हजार रुपये कोणाला नको असतात? जानेवारीत दोन वर्षांचा नवा करार झाला, रजिस्टर करून. पहिल्या वर्षी ९,५००, दुसऱ्या वर्षी १०,०००. मधल्या काळात मालकाने उठवायचे नाही, ही अट ताईंनी स्वतः मागून घेतली. खर्च दोघांनी अर्धा-अर्धा केला. दलाल चिडला, त्याला मी काही करू शकत नाही. मुलगी दहावीला ६८ टक्क्यांनी पास झाली, आता कॉमर्सला आहे.

कराराला थंब द्यायला बसलो होतो तेव्हा मालकांनी मला बाजूला घेऊन विचारले, "खालच्या खोलीत बिहारकडची दोन मुले राहतात. त्यांचाही कागद नोटरीचाच आहे. तुम्ही जरा बघाल का?"

म्हटले, "रविवारी सकाळी विहारात घेऊन या. दहाला वंदना संपते."

ते आले होते. मुलांनाही बरोबर घेऊन आले होते.